तेरा लेखकांचा निबंध, दोघांची बढती

सप्टेंबर उजाडला की विदर्भातल्या जिल्हा पुरवण्यांमध्ये एक बातमी हमखास येते. जगातल्या अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत आपल्या जिल्ह्यातल्या अमुक महाविद्यालयाचे अमुक प्राध्यापक झळकले. सोबत छायाचित्र, शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ हातात धरलेले संस्थेचे पदाधिकारी. दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाच्या फाटकावर फ्लेक्स लागतो. बातमीत सगळं असतं. त्या प्राध्यापकांनी नेमकं शोधलं काय, एवढंच नसतं.

या यादीला सगळे ‘स्टॅनफर्डची यादी’ म्हणतात आणि स्टॅनफर्डनं कुणाला तरी बोलावून निवडलं, असा बातमीचा सूर असतो. प्रत्यक्षात निवड अशी होतच नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी २०१९पासून एल्सव्हिअर कंपनीच्या स्कोपस या माहितीसाठ्यातून ही यादी काढतात. संगणक सायटेशन मोजतो, म्हणजे एखाद्याच्या शोधनिबंधाचा उल्लेख इतरांनी आपल्या निबंधांत किती वेळा केला ते पाहतो, आणि त्यातून एक गुणांक तयार होतो. यादीचे तक्ते दोन. एक संपूर्ण कारकिर्दीचा, दुसरा फक्त एका वर्षाचा. कारकिर्दीच्या तक्त्यात शिरायला आयुष्य लागतं, वर्षाच्या तक्त्यात एखादं बरं वर्षही पुरतं. आपल्याकडच्या बातमीत दोन्हींतला कुठला तक्ता, हे क्वचितच लिहिलेलं असतं. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना आहे: एकूण सायटेशनपैकी लेखकानं स्वतःच स्वतःचा केलेला उल्लेख किती टक्के. २०२४पासून मागे घ्याव्या लागलेल्या निबंधांची नोंदही त्यात आली. हे रकाने फ्लेक्सवर येत नाहीत. गंमत म्हणजे हेच आयोनिडिस जगाला ठाऊक झाले ते २००५ साली, प्रसिद्ध होणारे बहुतेक संशोधन-निष्कर्ष चुकीचे का असतात, हे मांडणाऱ्या निबंधामुळे.

आता त्याच २००५ सालचा, पण सेवाग्रामचा एक निबंध पाहू.

महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला सुरू केली. संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयात क्षयरोगी नेहमीच असतात. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका, निवासी डॉक्टर, शिकाऊ विद्यार्थी आणि वॉर्डातले कर्मचारी यांच्यापैकी किती जणांच्या शरीरात क्षयाचे जंतू शिरले असतील, हा प्रश्न घेऊन जानेवारी ते मे २००४ या काळात ७२६ जणांची तपासणी झाली. प्रत्येकाची दोन पद्धतींनी. एक पद्धत जुनी: हाताच्या कातडीत ट्युबरक्युलिन टोचायचं, दोन-तीन दिवसांनी त्या जागी आलेला कडकपणा बोटानं चाचपायचा, त्याच्या कडा पेननं आखायच्या आणि पट्टी लावून मिलिमीटर मोजायचे. दहा मिलिमीटर किंवा जास्त असेल तर संसर्ग धरायचा. दुसरी नवी, रक्ताची: प्रयोगशाळेत इंटरफेरॉन-गॅमा हे प्रथिन मोजायचं. जुन्या चाचणीवर शंका अशी की, लहानपणी टोचलेल्या बीसीजीमुळेही हात सुजू शकतो. नव्या चाचणीवर शंका अशी की, ती महाग, आणि भारतासारख्या देशात तेव्हा तिचा अनुभव नव्हता.

निकाल चटका लावणारा होता. जवळपास निम्म्या लोकांत, ५० टक्क्यांमध्ये, कुठल्या ना कुठल्या चाचणीनं संसर्ग दिसला. रुग्णालयात जितकी अधिक वर्षं काढली, तितकी संसर्गाची शक्यता अधिक. पण या निबंधातला एक आकडा मोजमापाच्या प्रश्नावर बोलणाऱ्या प्रत्येकानं भिंतीवर लावावा असा आहे. कातडीच्या चाचणीनं ४१ टक्के लोक संसर्गित ठरले, रक्ताच्या चाचणीनं ४० टक्के. वरवर पाहता दोन्ही मापं एकच सांगतात. मात्र दोन्ही चाचण्यांत संसर्गित ठरलेले लोक फक्त ३१ टक्के. म्हणजे बेरीज जुळली, माणसं जुळली नाहीत. एवढ्या मोठ्या रुग्णालयाचा अंदाज घ्यायला यांतलं कुठलंही माप चालेल. पण समोर बसलेल्या एका परिचारिकेला औषध द्यायचं की नाही, हे ठरवायचं तर एका आकड्यावर विसंबून भागणार नाही.

संशोधक मोजण्याच्या प्रश्नाची मेख नेमकी इथंच आहे. सायटेशनची बेरीज देशाबद्दल, एखाद्या विद्याशाखेबद्दल, फार तर मोठ्या संस्थेबद्दल काहीतरी खरं सांगते. एका माणसाबद्दल ती फार कमी सांगते. आपण मात्र तिचा वापर करतो तो नेमका एकेका माणसाच्या बढतीसाठी.

सेवाग्रामचा हा निबंध ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पहिलं नाव मधुकर पै यांचं; तेव्हा ते बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात होते, पुढं माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात गेले. नावांमध्ये सेवाग्रामचे डॉ. एस. पी. कलंत्री आहेत, डॉ. प्रतिभा नारंग आहेत आणि अमेरिकेतले साथरोगतज्ज्ञही आहेत. एकूण तेरा. खेड्यातलं रुग्णालय आणि परदेशातलं विद्यापीठ यांची भागीदारी कशी असावी, याचा हा चांगला नमुना. प्रश्न इथला, तपासलेली माणसं इथली, प्रयोगशाळेतलं काम इथलं, आणि पहिल्या लेखकालाही इथं येऊन काम करावं लागलं.

आता या तेरा जणांना बढतीच्या नियमाच्या चाळणीतून काढून बघा. २०१५ साली भारतीय वैद्यक परिषदेनं अध्यापकांच्या बढतीसाठी जे निकष स्पष्ट केले, त्यांत पहिल्या दोन लेखकांनाच श्रेय होतं. तो नियम या निबंधाला लावला असता तर अकरा जणांच्या खात्यात भोपळा. ई-नियतकालिकांतले लेखही त्यात बसत नव्हते, आणि तेही २०१५ साली, जग कागद सोडून संगणकावर वाचायला लागलेलं असताना. टीका झाली, नियम बदलले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२च्या नियमांत पहिले तीन लेखक किंवा पत्रव्यवहार करणारा लेखक, एवढी सवलत आली. तरी उरलेल्या नऊ-दहा जणांचं काय, हा प्रश्न तसाच. सातशेहून अधिक लोकांना दोन-तीन दिवसांनी पुन्हा गाठून त्यांच्या हातावरचा कडकपणा मोजणं हे काम किती किचकट, हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. नियमाला ते दिसत नाही. अशा नियमानं भागीदारी वाढत नाही, नावाच्या क्रमावरून भांडणं वाढतात. वैद्यकीय महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये ‘या वेळी माझं नाव पहिलं, पुढच्या वेळी तुझं’ हे सौदे उघडपणे बोलले जातात.

मुळात सायटेशन मोजण्याची कल्पना वाईट नव्हती. फिलाडेल्फियाच्या युजिन गारफिल्ड यांनी १९५५ साली ती मांडली आणि १९६४पासून त्यांची सायन्स सायटेशन इंडेक्स बाजारात आली. त्यांना ही युक्ती सुचली ती वकिलांकडून. अमेरिकेत १८७३पासून ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ नावाची सूची निघत असे. एखाद्या जुन्या निवाड्याचा उल्लेख पुढं कुठल्या खटल्यांत झाला, हे त्यात बघता येई. पण वकिलांच्या सूचीत आणखी एक सोय होती. पुढच्या न्यायालयानं तो निवाडा उचलून धरला, की फिरवला, याची खूणही शेजारी असे. विज्ञानाच्या सूचीनं उल्लेख घेतले आणि ही खूण सोडून दिली. त्यामुळे स्तुतीसाठी केलेला उल्लेख आणि धज्ज्या उडवण्यासाठी केलेला उल्लेख, दोन्हींची किंमत एकच. लसीमुळे ऑटिझम होतो असं सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १९९८चा निबंध ‘लॅन्सेट’नं २०१०मध्ये मागे घेतला. त्याची सायटेशन शेकड्यांनी आहेत. त्यांतली बहुतेक तो खोडून काढणारी.

पुढं २००५ साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं एच-इंडेक्स काढला. हिशेब सोपा. ज्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा सायटेशन, त्याचा इंडेक्स दहा. एका ओळीत मावणारा हा आकडा कुलगुरूंपासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांना आवडला. त्याची खोड मात्र शाळकरी गणितानंही दिसते. एकीनं आयुष्यात पाचच निबंध लिहिले आणि प्रत्येकाला पाचशे सायटेशन मिळाली, तर तिचा एच-इंडेक्स पाच. दुसऱ्यानं वीस सुमार निबंध लिहून प्रत्येकाला वीस-वीस उल्लेख जमवले, तर त्याचा वीस. पंधरा वर्षांनी खुद्द हिर्श यांनीच लिहिलं की, हा आकडा साफ फसू शकतो आणि त्याचे दुष्परिणामही गंभीर आहेत. तोवर तो जगभरच्या अर्जांच्या नमुन्यांत जाऊन बसला होता.

आकडा अर्जात गेला की दुकानं उघडतात. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१०मध्ये अध्यापकांसाठी कामगिरी मोजणारी एपीआय गुणांची पद्धत आणली आणि निबंधांचा बाजार तेजीत आला. ‘आदरणीय संशोधक’ अशी सुरुवात असलेल्या ई-मेल यायला लागल्या. आज पैसे भरा, आठवड्यात निबंध छापा, प्रमाणपत्र मिळवा. आयोगानं मान्य नियतकालिकांची यादी केली, तर त्या यादीतच ही दुकानं घुसली, कारण नावं सुचवायला विद्यापीठांनाच सांगितलं होतं. पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये या यादीची चिरफाड केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांचा नमुना त्यांनी तपासला, तेव्हा त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिकं कमअस्सल असावीत, असं निघालं. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगानं ४,३०५ नावं यादीतून काढली. मग ‘यूजीसी-केअर’ नावाची नवी यादी आली, तिचं कामकाज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले. फेब्रुवारी २०२५मध्ये तीही बंद झाली. दरम्यान पीएच.डी.साठी आधी निबंध छापण्याची सक्ती २०२२मध्येच उठली होती. पंधरा वर्षांत एवढी वळणं घेऊन झाल्यावर कुठलं नियतकालिक चांगलं, हे ठरवण्याची जबाबदारी पुन्हा विद्यापीठांवर आली आहे. ज्यांनी ती ८८ टक्के नावं सुचवली होती, त्यांच्यावरच.

दुसरा मार्ग सायटेशन जमवण्याचा. गट करायचा, एकमेकांचे उल्लेख करायचे, अहो रूपम् अहो ध्वनी. चेन्नईच्या एका दंत महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या परीक्षेतल्या लेखनाचे निबंध होतात आणि त्यांत त्याच महाविद्यालयाच्या निबंधांचे उल्लेख भरले जातात, असा आरोप ‘सायन्स’ नियतकालिकातल्या वृत्तान्तात २०२३ साली झाला. महाविद्यालयानं गैरप्रकार नाकारला. हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. त्याच २०२३ साली जगभरात दहा हजारांहून अधिक निबंध मागे घेतले गेले, त्यांतले आठ हजारांवर एकट्या हिंदावी या प्रकाशनाचे. म्हणूनच देशातल्या उच्च शिक्षण संस्थांच्या एनआयआरएफ क्रमवारीत मागे घेतलेल्या निबंधांसाठी गुण वजा करायला सुरुवात झाली. पाऊल योग्य आहे. पण चोर पकडला तरच शिक्षा, आणि पकडायचा तर कुणीतरी निबंध वाचायला हवा.

इथं आकड्यांची बाजूही घ्यायला हवी. आकडे येण्याआधी काय होतं? वशिला होता. विभागप्रमुखाची मर्जी होती, जात होती, संस्थाचालकाचा मेहुणा होता. हिंगणघाट किंवा आर्वीहून शिकून आलेल्या, पाठीशी कुणी नसलेल्या मुलीला मुलाखतीत टेबलावर आपटायला काहीतरी ठोस लागतं. तिच्यासाठी छापलेला निबंध आणि त्याची सायटेशन हे हत्यार आहे. ते तिच्या हातातून काढून घेणं म्हणजे पुन्हा साहेबांच्या लहरीवर सोपवणं. म्हणून ‘सगळी मोजणी बंद करा’ हा सल्ला मुंबई-पुण्याच्या नामांकित संस्थांतून छान ऐकू येतो, जिल्ह्याच्या गावी तो घातक ठरेल.

मात्र तिच्या बाजूनं असलेली ही मोजणी तिला नीट ओळखते का, हाही प्रश्न आहे. स्कोपसच्या दृष्टीनं लेखक म्हणजे आडनाव आणि आद्याक्षरं. विदर्भात ‘देशमुख एस.’ किती निघतील? त्यांतल्या दोघांचे निबंध एकाच्या खात्यात जाऊ शकतात, किंवा एकाचेच दोन खात्यांत फुटू शकतात. लग्नानंतर नाव आणि मधलं नाव दोन्ही बदललेल्या स्त्रीची निम्मी कारकीर्द माहेरच्या नावावर राहते. त्यावर उपाय म्हणून २०१२पासून ऑर्किड हा सोळा अंकी क्रमांक मिळतो, फुकट मिळतो, पण तो काढून घ्या आणि जुने निबंध त्याला जोडा, हे सांगणारा ग्रंथपाल महाविद्यालयात असावा लागतो. अनेक ठिकाणी ग्रंथपालाचं पदच रिक्त असतं. भाषेचा अडथळा तर आणखी मोठा. वर्ध्यातच महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. तिथल्या हिंदी निबंधाला किंवा नागपूर विद्यापीठाच्या मराठी विभागातल्या लेखाला स्कोपसमध्ये जागा मिळणं महाकठीण. ती माणसं काहीच करत नाहीत असा त्याचा अर्थ नाही. मोजणारा यंत्रमानव त्यांच्या गल्लीत जातच नाही.

आणि मग येतं ते काम, जे कुठल्याच सूचीत मावत नाही. डॉ. अभय बंग यांचंच घ्या. सेवाग्रामच्या वातावरणात वाढलेले बंग जगाला माहीत आहेत ते गडचिरोलीमुळे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांसह त्यांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की, गावातल्या बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली तर मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी होतात. ३९ गावांतलं ते काम. त्या निबंधाचे उल्लेख जगभर झाले, आणि २०११मध्ये देशभरच्या आशाताईंच्या कामात ही पद्धत आली. इथं सायटेशन आणि उपयोग हातात हात घालून चालले.

पण त्याआधी, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, वर्धा जिल्ह्यात काम करताना बंग यांनी शेतमजुरांच्या किमान वेतनाचा अभ्यास केला होता. राज्य सरकारच्या वि. स. पागे समितीनं दिवसाला ४ रुपये मजुरी ठरवली होती. बंग यांनी त्या हिशेबातल्या चुका दाखवल्या, मजुराच्या कुटुंबाचं खाणंपिणं नव्यानं मांडलं. पुढं मजुरी १२ रुपये झाली. आकडेमोड होती, पुरावा होता, सरकारच्या तज्ज्ञांना दिलेलं उत्तर होतं. संशोधनाला आणखी काय लागतं? लाखो मजुरांच्या हातात तिप्पट पैसे पडले. एच-इंडेक्सच्या खात्यात या कामाची नोंद शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. माणूस तोच, शिस्त तीच. एका कामाचा वाचक इंग्रजी नियतकालिकं चाळणारा प्राध्यापक होता, दुसऱ्याचा वाचक मंत्रालयातला अधिकारी. प्राध्यापक तळटीप देतो, अधिकारी देत नाही.

वर्धा शहरातच याहून जुना दाखला आहे. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ १९३४च्या अखेरीस स्थापन झाला आणि मगनवाडीत त्याचं काम सुरू झालं. अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा त्याचे कर्तेधर्ते. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला हा माणूस इथं येऊन घाणी, हातकागद, भात कांडणं यांचे प्रयोग करवून घेत होता. झवेरभाई पटेल यांनी तिथं बैलाची सुधारित घाणी बनवली. ती ‘वर्धा घाणी’ म्हणून ओळखली गेली आणि वर्ध्याबाहेरच्या खेड्यांतही गेली. तिची परीक्षा पेंडीत किती तेल शिल्लक राहतं यावर व्हायची. मोजमाप होतंच, आणि चोख होतं. फक्त ते बढतीच्या अर्जासाठी नव्हतं.

तेव्हा करायचं काय? उत्तर नवं नाही. २०१२च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यानं नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या निबंधांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्यावरून, माणूस जोखू नका, असं सांगितलं. २०१५च्या लायडन जाहीरनाम्यातल्या दहा तत्त्वांत एक खास आपल्यासाठी आहे: स्थानिक गरजेच्या संशोधनाला संरक्षण द्या. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या वतीनं २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या धोरण-निवेदनाचा रोखही हाच होता. निबंध कुठं छापला यापेक्षा त्यात काय आहे ते बघा. तिन्ही कागद गुळगुळीत झाले आहेत. निवड समितीच्या टेबलावर ते पोचलेले नाहीत, कारण तिथं बसणाऱ्यांना निबंध वाचावा लागेल आणि वाचण्याचा कंटाळा हाच या सगळ्या आकडेमोडीचा खरा जनक आहे.

नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, ज्याच्याशी सेवाग्रामची संस्था संलग्न आहे, किंवा राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ यांना याची सुरुवात एखाद्या परिपत्रकानं करता येईल. केंद्रीय नियमांची किमान अट पूर्ण झाली की पुढचं गुणांकन आपल्या पद्धतीनं करायचं. उमेदवारानं फक्त तीन कामं पुढं ठेवावीत. त्यांतलं एक सरकारी अहवाल, मराठी पुस्तिका, यंत्राचा नमुना किंवा उपचारपद्धती असलं तरी चालेल. प्रत्येकाबरोबर अर्धं पान: यात माझा वाटा काय. तेरा लेखकांच्या निबंधातल्या अकराव्यालाही इथं बोलता येईल, आणि बरीच आंतरराष्ट्रीय नियतकालिकं आता चौदा प्रकारच्या भूमिकांमध्ये असा वाटा छापतातच, त्यामुळे पडताळणी अशक्य नाही. सायटेशनचा तक्ता जोडायचाच असेल तर स्वतःचे उल्लेख वगळून जोडावा.

दहा उमेदवार धरले तर तीस कामं होतात. तीन वाचकांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा, म्हणजे शनिवार-रविवार आणि योग्य मानधन. वाचकांपैकी एक तरी राज्याबाहेरचा असावा आणि त्याचा अभिप्राय त्याच्या नावानिशी निकालासोबत प्रसिद्ध करावा. पहिल्या वर्षी तक्रारी येतील, काही वाचक न वाचताच ‘उत्तम’ असा शेरा मारून पाठवतील. तो शेराही त्यांच्या सहीनिशी संकेतस्थळावर राहील.